आवतण

मराठी माणसाला आभार मानता येत नाहीत, असं म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला आभार उत्तम मानता येतात. फक्त त्यासाठी त्याला एक माईक, एक अध्यक्ष आणि चपला शोधायला निघालेले पन्नास-साठ श्रोते लागतात. कार्यक्रमपत्रिकेत अगदी तळाशी, 'अल्पोपाहार'च्या बरोबर वर, आभारप्रदर्शनाची जागा ठरलेली असते. मी तीस वर्षं बँकेत नोकरी केली आणि त्यातली निदान पंचवीस वर्षं हे खातं माझ्याकडे होतं. ज्याला भाषण येत नाही, गाणं येत नाही आणि 'नाही' म्हणताही येत नाही, त्याच्याकडे आभार आपोआप येतात. मंडपवाला, माईकवाला, सतरंज्या उचलणारी मुलं आणि 'ज्यांची नावं अनवधानानं राहून गेली' ते सर्व, अशा किती लोकांचे आभार मी मानले असतील याचा हिशेब बँकेलाही लागणार नाही.

पण हे सगळं घराबाहेर. घरात आभार मानायची आपल्याकडे सोय नाही. मी एकदा प्रयोग करून पाहिला. सौभाग्यवतीनं सकाळचा चहा आणून पुढ्यात ठेवला आणि मी पेपर खाली घेऊन म्हणालो, "आभारी आहे." ती जागची हलली नाही. आधी तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग शेजारी बसली आणि म्हणाली, "किती पैसे पाहिजेत ते सरळ सांगा."

तेव्हापासून मी तो नाद सोडला होता. तो पुन्हा निघाला आमच्या भाच्यामुळे. भाचा अमेरिकेत असतो. तिकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी 'थँक्सगिव्हिंग' नावाचा सण असतो. १८६३ साली अध्यक्ष लिंकन यांनी तो देशभर पाळायचं ठरवलं. त्या दिवशी सगळं कुटुंब टेबलाभोवती जमतं, मधोमध टर्की नावाचा भलाथोरला पक्षी भाजून ठेवतात, आणि घास घेण्याआधी एकेकानं आपण कशाकशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगायचं. भाच्यानं हे सगळं फोनवर मला समजावून दिलं आणि शेवटी हळहळत म्हणाला, "मामा, आपल्याकडे असं काही नाही ना!"

मला जरा लागलं. म्हटलं, "आहे की! आपल्या आजोळचा पोळा विसरलास वाटतं. फरक एवढाच, की तुमच्याकडे त्या दिवशीचा मुख्य पाहुणा ताटात असतो. आमच्याकडे तो ताटावर बसतो."

भाचा हसला आणि विसरला. मी मात्र फोन ठेवल्यावर आमच्या कोठ्यात जाऊन पोहोचलो.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, आमगावहून आत. १ मे १९९९ ला भंडाऱ्याचे दोन भाग होऊन गोंदिया वेगळा जिल्हा झाला, पण चिखल दोन्हीकडे एकच राहिला. हा धानाचा मुलूख. पाऊस लागला की बांध्या पाण्यानं भरायच्या, चिखल करायचा, पऱ्हे उपटायचे आणि रोवणा करायचा. त्या दिवसांत बैलाच्या पोटापर्यंत चिखल आणि माणसाच्या डोक्यापर्यंत कर्ज. श्रावण सरत आला की रोवणा आटोपतो, बैलांच्या मानेवरचं जू उतरतं, आणि श्रावणी अमावास्येला पोळा येतो. शंकर-पार्वतीच्या सारीपाटात नंदीनं नवऱ्याची बाजू घेऊन खोटी साक्ष दिली म्हणून पार्वतीनं त्याला मानेवर जू बसेल असा शाप दिला, आणि मग दया येऊन वर्षाची एक सुटी मंजूर केली, अशी गोष्ट आजी सांगायची. नवराबायकोच्या भांडणात तिसऱ्यानं साक्ष देऊ नये, हा धडा मी तेव्हाच घेतला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना तलावात नेऊन धुवायचं. संध्याकाळी खांदशेकणी. तूप आणि हळद कोमट करून पळसाच्या पानानं बैलाचा खांदा शेकायचा. जिथं वर्षभर जू घासलं तिथं. हे काम आमचे वडील, म्हणजे बाबूजी, स्वतः करत. आणि मग ते दोन पावलं मागं सरत, डोक्यावरची टोपी नीट करत, आणि मोत्या-चांद्यापुढं वाकून आवतण देत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

या 'घ्या' आणि 'या'कडे जरा लक्ष द्या. आमचे बाबूजी घरात कुणालाही अहो-जाहो करत नसत. आम्हा मुलांना 'अबे', आईला 'ऐकतेस का', आणि जावयालासुद्धा तिसऱ्या वर्षापासून 'तू'. साऱ्या घरात बहुवचन फक्त दोघांना होतं, एक मोत्या आणि दुसरा चांद्या. तेही वर्षातून एकदा. मला लहानपणी वाटायचं, की मॅट्रिक झालो की मलाही 'जेवाले या' म्हणतील. मॅट्रिक झालो. बाबूजी म्हणाले, "चाल बे, पान वाढलं."

दुसऱ्या दिवशी बैलांचा थाट! शिंगांना रंग, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल. गावाच्या आखरावर आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली सगळ्या जोड्या उभ्या. एकेक जण पुढं होऊन झडती म्हणायचा. झडती म्हणजे गावच्या लोकांचे जाहीर वाभाडे, पण शेवट महादेवाच्या नावानं केला की सगळं माफ. मग पोळा फुटायचा आणि बैल मिरवत घरी यायचे. दारात आई त्यांच्या पायांवर पाणी घालायची, ओवाळायची, आणि पितळी परातीत पुरणपोळी पुढं यायची.

इथं आमच्या घरची एक खास रीत होती. बैलानं परातीला तोंड लावण्याआधी घरातल्या प्रत्येकानं त्याच्या कानाशी जाऊन आपली चूक कबूल करायची आणि माफी मागायची. टर्कीभोवती बसून अमेरिकन लोक 'मी कृतज्ञ आहे' म्हणतात. आमच्याकडे कृतज्ञता अशी सरळ रस्त्यानं येत नाही, ती गुन्ह्याच्या कबुलीजबाबातून येते. मी सांगायचो, "तुले तुतारी टोचली, गलती झाली." धाकटा भाऊ दरवर्षी शेपटी पिरगाळल्याचा गुन्हा कबूल करायचा आणि माफी मिळाली की दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पिरगाळायचा. सगळ्यात शेवटी बाबूजी. ते मोत्याच्या कानाशी तोंड नेऊन बराच वेळ काहीतरी पुटपुटत. आमच्याशी वर्षात जेवढं बोलत नसत तेवढं त्या एका कानात. एवढ्या कसल्या चुका असतील याचं मला मोठं कुतूहल होतं. विचारायची छाती नव्हती.

बैल जेवले की आमचा गडी. त्याला सगळं घर मामा म्हणायचं. मामाला नवं धोतर, मामीला लुगडं, दोघांना पाटावर बसवून बाबूजी स्वतः वाढायचे आणि वर बोजारा म्हणून पैसे हातावर ठेवायचे. मग आम्ही पोरं, मग पुरुष, मग पाहुणे, मग पाहुण्यांबरोबर आलेले. पुरणपोळी, कढी, वडे, भात. मी इतका जेवायचो, की उठताना दोघांचा हात लागायचा. एक बैलाचा सण आणि दुसरा बैल मीच, असं आजी म्हणायची.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल घेऊन पोरांनी घरोघर फिरायचं. नागपूरच्या भोसल्यांनी ही प्रथा १८०६ साली सुरू केली असं सांगतात. आणि त्याच दिवशी मारबत. रोगराई, महागाई, गावातली सगळी पीडा यांच्या नावानं ओरडत मारबत वेशीबाहेर न्यायची. म्हणजे कृतज्ञतेला एक दिवस आणि तक्रारीला लगेच दुसरा. तक्रारीचा सराव आपल्याला वर्षभर असल्यामुळे तो कार्यक्रम जास्त रंगतो, हेही मान्य केलं पाहिजे.

एकंदरीत आपण कृतज्ञ लोक आहोत यात शंका नाही. नागपंचमीला नागाचे आभार, दसऱ्याला हत्यारांचे, लक्ष्मीपूजनाला केरसुणीचे, पोळ्याला बैलाचे, आणि कुणी राहू नये म्हणून लाकडी बैलाचेसुद्धा. राहतो तो फक्त माणूस. गोंदियाहून बल्लारशाच्या गाडीत बसलं की वाटेत नागभीड लागतं. त्या तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८० नंतरच्या वर्षांत आपल्या चिमूटभर शेतात काही वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचं बी वेगळं जपलं, पेरून पेरून वाढवलं, आणि त्यातून 'एचएमटी' नावाचा बारीक तांदूळ निघाला. नाव मनगटावरच्या घड्याळावरून पडलं. तो तांदूळ किती घरांत रोज शिजतो! दादाजी २०१८ साली गेले. आयुष्यात पुरस्कार मिळाले, पण हात तंगच राहिला. मी चाळीसेक वर्षं भात चापतो आहे, पण त्या माणसाच्या नावानं एक शीत बाजूला काढल्याचं मला आठवत नाही. गाडी तर कितीदा नागभीडवरून गेली. खिडकीतून मी भजी घेतली.

पण मी दादाजींचं काय सांगतो? आमच्याच घरात पोळ्याच्या पंगतीत एक पान सगळ्यांत शेवटी पडायचं. तेसुद्धा पंगतीत नव्हे, चुलीजवळ. आईचं. बैलाआधी कुणी जेवायचं नाही हा नियम सगळ्यांना होता. पण सगळे जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही हा नियम एकटीला. चार वाजता ती बसायची. फुटलेल्या दोन पोळ्या, तळाची कढी. एका वर्षी पुरण संपलं होतं आणि तिनं कढीभात खाल्ला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही. आया कढीभातच खातात अशी माझी समजूत होती.

पुढं मी नोकरीला लागलो, गोंदियात बिऱ्हाड केलं, पण पोळ्याला गावी जायचा नेम सोडला नाही. शेती धाकटा भाऊ पाहू लागला. चिखल करायला ट्रॅक्टर आला. मोत्या-चांद्यानंतरच्या दोन जोड्या झाल्या, आणि तिसरी जोडी २०११ च्या उन्हाळ्यात विकली. बाबूजी त्या दिवशी घरी थांबले नाहीत. तलावाच्या पाळीवर जाऊन बसले आणि दिवेलागणीला आले.

त्या वर्षीच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे गावी. संध्याकाळ झाली. खांदशेकणीची वेळ. कोठा रिकामा. धाकट्या भावानं ट्रॅक्टर धुऊन अंगणात आणला होता, त्याला झेंडूची माळ घातली होती. म्हणाला, "बाबूजी, यालेच आवतन द्या."

बाबूजींनी ट्रॅक्टरला एक फेरी मारली. म्हणाले, "याचा कान कोठी हाय?"

भावानं हॉर्न दाखवला. बाबूजी म्हणाले, "हा ऐकत नाही बे, हा वरडते."

मग ते हातात तूप-हळदीची वाटी घेऊन रिकाम्या कोठ्यात गेले. बराच वेळ आले नाहीत. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. आले ते तडक स्वयंपाकघराच्या दारात. आई पुरणाची डाळ निवडत बसली होती. तिचा उजवा खांदा दोन वर्षांपासून धरला होता. हात वर जात नसे. डब्याला हात पोचला नाही की ती पाट ओढून त्यावर चढायची. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि आमच्यापैकी कुणीही डबा खालच्या फळीवर ठेवला नव्हता.

बाबूजींनी वाटी तिच्यापुढं ठेवली. दोन पावलं मागं सरले. डोक्यावरची टोपी नीट केली. आणि वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आईनं मागं वळून पाहिलं. तिला वाटलं, कुणी पाहुणे आले. मागं भिंत होती. मग तिनं वाटीकडे पाहिलं, हळदीकडे पाहिलं, आणि तिच्या ध्यानात आलं. म्हणाली, "आवो, मी का बैल आहो का?"

आम्ही हसलो. आईही हसली. बाबूजी हसले नाहीत. म्हणाले, "खांदा शेकून घे." आणि बाहेर निघून गेले. पन्नास वर्षांच्या संसारात एकदाच मिळालेलं बहुवचन एका वाक्यापुरतंच टिकलं.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. आई सवयीनं चुलीपुढं बसायला गेली तर बाबूजी आडवे. "ज्याले आवतन देल्लं, त्याले का चुलीपाशी बसवतेत?" झालं! आता स्वयंपाक कोण करणार? सगळ्यांनी सुनांकडे पाहिलं. तेव्हा आमच्या सौभाग्यवती, ज्या सासऱ्यांपुढं कधी मोठ्यानं बोलल्या नव्हत्या, पदर सावरून म्हणाल्या, "बाबूजी, पंचवीस वर्षं आम्हीपण याच कोठ्यात आहोत."

बाबूजींनी क्षणभर विचार केला. त्यांच्या दृष्टीनं मुद्दा बिनतोड होता. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ऊठ बे."

त्या दिवशीच्या पुरणपोळीचं वर्णन मी करू इच्छित नाही. बँकेतल्या माणसाला तारण ओळखता येतं, कणीक ओळखता येत नाही. पुरण पातळ झालं म्हणून धाकट्यानं त्यात बेसन घातलं. माझी पहिली पोळी लाटून झाली तेव्हा ती हुबेहूब गोंदिया जिल्ह्यासारखी दिसत होती, आठही तालुक्यांसकट. तव्यावर टाकली तेव्हा सालेकसा फुटून बाहेर आला. बाया दारात बसून तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि मधूनमधून "जाळ कमी करा" अशा सूचना देत होत्या. साडेतीन वाजले. कुणाच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की साडेतीन वाजणं म्हणजे काय असतं. मी तो आकडा आयुष्यभर घड्याळात पाहिला होता, पोटात नाही.

शेवटी पान वाढलं. आईला पाटावर बसवलं, समोर रांगोळी. तिला बसवेना. दर मिनिटाला उठू पाहायची, "पोळी जळते वाटते." तेवढ्यात मामा आला. म्हातारा झाला होता, काठी टेकत आला. बैल नव्हते तरी बोजारा त्याचा ठरलेलाच होता. पाटावर बसलेली आई, पदर खोचल्यासारखा टॉवेल खोचलेला मी, हे दृश्य पाहून तो थबकला. सगळी हकीगत ऐकली. मग हसून म्हणाला, "पाटील बैलाच्या कानात का सांगत होते, तुमाले ठावं हाय का? कासरा तं मी धरून राहो. मले आयकू ये. म्हणत, 'चूकभूल पोटात घाला, अन् जरा लवकर आटपा. घरातली पाहाटेपासून उपाशी हाय.'"

कुणीच बोललं नाही. बाबूजींनी कान खाजवला आणि कढीत मीठ कमी आहे म्हणून मला झापलं.

आई पानावरची नजर न उचलता म्हणाली, "मंग मले काहून नाही सांगतलं कधी?"

बाबूजी म्हणाले, "तुले का सांगाचं? तू उपाशी हायेस हे तुले तं माहीतच होतं."

आईनं पोळीचा घास घेतला. चावला. आम्ही सगळे श्वास रोखून. ती म्हणाली, "जायफळ नाही घातलं." आणि पोळी संपवली. मग दुसरी मागितली. मला वाटतं, माझ्या आठवणीत आईनं कुणाकडं काही मागून घेतलेलं तेवढं एकच.

२०१९ साली बाबूजी गेले. आई आहे. खांदा आता बरा आहे, डबे खालच्या फळीवर आहेत. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी टोपी घालून वाकण्याचं काम माझ्याकडं आलं आहे. पंचवीस वर्षांच्या आभारप्रदर्शनाच्या अनुभवावर मला ते सहज जमेल असं वाटलं होतं, जमत नाही. माईकवाल्याचे आभार मानले की माणूस मोकळा होतो, खाली उतरून चहा पितो. आवतण दिलं की दुसऱ्या दिवशी पहाटे उठून डाळ शिजवावी लागते. आपल्या लोकांनी 'आभारी आहे' हा शब्द घरात का येऊ दिला नसावा, याचा थोडा अंदाज मला आता येतो. त्यांना स्वस्तात सुटू द्यायचं नसावं. बाकी ही सवलत बैलांपुरतीच का ठेवली, हे त्यांनाच ठाऊक.

गेल्या दिवाळीत मला हुरूप आला. म्हटलं, पोळ्यापुरतंच कशाला? लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री मी सौभाग्यवतीपुढं दोन पावलं मागं सरलो, टोपी नीट केली आणि वाकून म्हणालो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

तिनं या वेळी कपाळाला हात लावून पाहिला नाही. शांतपणे कपाट उघडलं, पिशवी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "येते. पण जायफळ संपलंय. दुकान नऊला बंद होतं."